तात्या विंचू ते टिपरे आबा

दिलीप प्रभावळकर हे रंगभूमी, दूरचित्रवाणी आणि चित्रपट या तिन्ही ठिकाणी पाच दशकांहून अधिक काळ काम करत आलेले नट आहेत, आणि रूढ अर्थाने नायक म्हणावी अशी भूमिका त्यांच्या वाट्याला फारशी आलेली नाही. झाडाभोवती फिरून गाणे म्हणणारा, शेवटी खलनायकाला लोळवणारा माणूस ते कधीच नव्हते. तरीही चिमणराव, नंदू, तात्या विंचू, टिपरे आबा आणि मुन्नाभाईचे बापू ही त्यांनी केलेली माणसे मराठी घराघरांत नावानिशी ओळखली जातात.

चरित्र अभिनेत्यावर शिक्का बसायला मराठी चित्रपटात वेळ लागत नाही. निळू फुले यांनी ‘सिंहासन’मध्ये पत्रकार दिगू टिपणीस किती वेगळ्या सुरात रंगवला, तरी गावोगावच्या प्रेक्षकांच्या मनात ते पाटीलच राहिले. सुलोचनाबाई आई राहिल्या. एक भूमिका गाजली की पुढची दहा कामे तशीच येतात, आणि घर चालवायचे तर ती घ्यावी लागतात. यात नटाच्या कुवतीपेक्षा धंद्याचा हिशेब मोठा असतो: निर्मात्याला ओळखीचा चेहरा हवा असतो आणि पडद्यावर येताक्षणी हा माणूस काय करणार हे प्रेक्षकाला कळावे, अशी त्याची अपेक्षा असते. प्रभावळकर या चरकातून बऱ्याच अंशी सुटले. ते कसे सुटले, हाच त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मनोरंजक भाग आहे.

४ ऑगस्ट १९४४ रोजी मुंबईत जन्मलेल्या प्रभावळकरांचे शिक्षण विज्ञान शाखेत झाले आणि पुढे औषधनिर्मितीच्या क्षेत्रात त्यांनी नोकरी केली. नाटक सुरू झाले ते नोकरी सांभाळून. त्या पिढीतल्या मुंबईच्या बहुतेक नटांचा दिनक्रम असाच होता. दिवसभर बँक, कचेरी किंवा प्रयोगशाळा, संध्याकाळी तालीम आणि सुट्टीच्या दिवशी प्रयोग. या नोकऱ्यांनी मराठी रंगभूमीवर मोठे उपकार केले आहेत, हे सहसा कोणी बोलून दाखवत नाही. महिन्याचा पगार येत असला की नट नको ते काम नाकारू शकतो. प्रभावळकरांच्या निवडीत पुढे जो चोखंदळपणा दिसतो, त्याला या सुरुवातीचा आधार होता.

त्यांची जडणघडण रत्नाकर मतकरी यांच्या बालनाट्यांत झाली, ही गोष्टही महत्त्वाची. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मध्ये त्यांनी चेटकीण केली. बालनाट्य हे नटाला सोपे वाटणारे आणि प्रत्यक्षात फार कठोर असे शिक्षण आहे. लहान मुले शिष्टाचार पाळत नाहीत. कंटाळा आला की ती बोलू लागतात, उठून चालू लागतात. त्यांना धरून ठेवायचे तर आवाजाला चढउतार हवेत, अंगाला लवचिकपणा हवा आणि जे करायचे ते बिनदिक्कत करायला हवे. त्यातही चेटकीण अशी हवी की मुलांना भीती वाटावी आणि हसूही यावे. भीती आणि हसू एकाच आवाजात मिसळण्याची ही करामत त्यांना वीसेक वर्षांनी एका बाहुल्यासाठी पुन्हा उपयोगी पडली.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. सुरुवातीच्या वर्षांत कार्यक्रम कृष्णधवल, वेळ मोजका आणि संच अगदी थोड्या घरांत. चाळीत एखाद्याकडे टीव्ही असला की संध्याकाळी त्याच्या खोलीत शेजारपाजारची पोरे पुढे आणि मोठी माणसे मागे अशी बैठक जमायची. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात याच पडद्यावर चिं. वि. जोशी यांच्या कथांवरची ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ ही मालिका आली. प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या मालिकांपैकी ही एक. तिच्या लोकप्रियतेमुळे १९७९ साली त्याच जोडीचा चित्रपटही आला.

चिमणराव तेव्हा काही नवा नव्हता. चिं. वि. जोशींच्या पुस्तकांतून तो दोन पिढ्यांना पाठ होता आणि १९४०च्या ‘लग्न पहावे करून’ या मास्टर विनायकांच्या चित्रपटात दामूअण्णा मालवणकर आणि वि. स. जोग यांनी ही जोडी पडद्यावर आणली होती. वाचकाच्या मनात आधीच पक्का बसलेला माणूस साकारणे ही जोखीम असते. शिवाय या कथांचा विनोद मोठा नाजूक आहे. गोष्ट सांगतो चिमणरावच. स्वतःच्या फजितीचे वर्णन तो अत्यंत गंभीरपणे, काहीसे प्रौढीने करतो आणि आपण हास्यास्पद ठरतो आहोत याचा त्याला पत्ताच नसतो. नटाने हसवायचा प्रयत्न केला की हा विनोद संपला. प्रभावळकरांनी चिमणरावाची धांदल, भिडस्तपणा आणि घाबरटपणा अगदी प्रामाणिकपणे निभावला. हसण्याचे काम प्रेक्षकांवर सोडले. शेजारी बाळ कर्व्यांचा धिप्पाड, आवाजी गुंड्याभाऊ असल्यामुळे त्यांना आवाज चढवण्याची गरजही पडली नाही. छोट्या पडद्याला असला अभिनय मानवतो. नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावे लागणारे हावभाव चार फुटांवरच्या टीव्हीवर आरडाओरड वाटतात, आणि त्या काळातले अनेक कसलेले रंगकर्मी नेमके तिथेच फसत.

एवढ्या यशानंतर जन्मभर चिमणराव करत राहणे सहज शक्य होते. विनोदी कामे आलीही. १९८२च्या ‘एक डाव भुताचा’मध्ये अशोक सराफ भूत झाले आणि प्रभावळकर साधेभोळे मास्तर. पण त्यांनी आपली बाजू रंगभूमीवर मोकळी ठेवली, आणि शिक्का पुसला गेला तो तिथेच. जयवंत दळवी यांच्या ‘नातीगोती’ नाटकात त्यांनी मतिमंद मुलाच्या बापाचे काम केले. मुलगा झाले होते अतुल परचुरे, आई स्वाती चिटणीस. थकलेला, मुलावर जीव लावणारा आणि मनातल्या मनात त्याच मुलाला ओझे मानून अपराधी होणारा हा मध्यमवर्गीय बाप चिमणरावापासून फार लांबचा होता.

त्याच सुमारास, १९९१ साली, स्मिता तळवलकर यांची निर्मिती असलेला आणि संजय सूरकर यांनी दिग्दर्शित केलेला ‘चौकट राजा’ आला. त्यात प्रभावळकर दुसऱ्या बाजूला उभे होते. लहानपणच्या अपघातामुळे बुद्धीची वाढ खुंटलेला, वयाने वाढलेला पण मनाने मूल राहिलेला नंदू त्यांनी रंगवला. सुलभा देशपांडे त्याच्या आई होत्या, स्मिता तळवलकर त्याची बालमैत्रीण. अशा भूमिकेत नटाला दोन मोह होतात. एक, प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी आणण्याचा. दुसरा, लकबींची रेलचेल करून आपली मेहनत दाखवण्याचा. चित्रपट पहिल्या मोहाला अधूनमधून बळी पडतो, हे मान्य करायला हवे. नंदू मात्र पडत नाही. त्याचा हट्ट खराखुरा हट्ट आहे, राग खराखुरा राग आहे, आणि मैत्रिणीच्या संसारात आपली अडचण होते आहे हे त्याला अर्धवट उमगते तेव्हा चेहऱ्यावर दुःखापेक्षा गोंधळ जास्त दिसतो. वय तेव्हा सत्तेचाळीसच्या घरात. ‘नातीगोती’तला बाप ज्याच्याकडे असहायपणे पाहत राहतो, तो माणूस आतून कसा असेल, याचे उत्तर जणू दुसऱ्या माध्यमात देऊन झाले. एकाच दुःखाच्या दोन्ही बाजू इतक्या लागोपाठ करायला मिळणे हे कोणत्याही नटासाठी दुर्मीळच.

आणि मग दोनच वर्षांनी, १९९३ साली, तात्या विंचू. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ची कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन भयपटावरून सुचलेली. मरता मरता मंत्राच्या बळावर एका गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो, आणि तो बाहुला लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या लक्ष्याच्या हाती पडतो. माणूस म्हणून तात्या विंचू चित्रपटात थोडाच वेळ आहे. त्यानंतर राहतो तो बाहुला आणि आवाज. बाहुल्याच्या हालचालींची बाजू शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी सांभाळली, आवाज प्रभावळकरांचा. चेहरा नाही, डोळे नाहीत, हात नाहीत. नटाची बहुतेक हत्यारे काढून घेतलेली. लाकडी जबडा उघडतो-मिटतो, त्यापलीकडे बाहुल्याला भाव दाखवता येत नाहीत. मग खुनशीपणा, अधीरपणा, फजिती झाल्यावरची चिडचिड हे सगळे घोगऱ्या, खरखरीत आवाजातून यावे लागते. त्या आवाजात एक बारीकसा खट्याळपणाही आहे, म्हणून मुले बिछान्यात शिरून डोक्यावर पांघरूण ओढत आणि दुसऱ्या दिवशी शाळेत त्याच आवाजाच्या नकला करत. महाराष्ट्रात एका अख्ख्या पिढीच्या बालपणात तात्या विंचू बसला आहे. २०१३ साली ‘झपाटलेला २’ त्रिमिती तंत्रात आला, तेव्हा बाकी पुष्कळ काही बदलले होते, पण आवाज बदलता आला नाही. कोठाऱ्यांच्याच ‘पछाडलेला’मधला (२००४) इनामदार भुसनळे हाही प्रभावळकरांचाच, मात्र तो तात्याच्या पुण्याईवर जगला.

त्यांच्या अभिनयाचा उल्लेख झाला की लोक रंगभूषेबद्दल बोलतात, पण किल्ली आवाजात आहे. वाक्य कुठे तोडायचे, श्वास कुठे ऐकू येऊ द्यायचा, शब्दाचा शेवट गिळायचा की ठासून उच्चारायचा, यावरून त्यांचा माणूस ठरतो. चाल, खांदे, हात हे त्यामागून येतात. याचे उघड प्रात्यक्षिक म्हणजे त्यांनी स्वतः लिहिलेले आणि चंद्रकांत कुलकर्णी यांनी दिग्दर्शित केलेले ‘हसवाफसवी’ हे नाटक. नव्वदच्या दशकात गाजलेल्या या नाटकात ते एकट्याने सहा भूमिका करत. विंगेत जायचे, काही मिनिटांत वेश आणि वय बदलायचे, कधी बाई होऊन परतायचे. त्यातले वृद्ध गायक नट कृष्णराव हेरंबकर विशेष लक्षात राहिले. संगीत नाटकाचे दिवस सरले आहेत हे ज्यांना पुरते पटलेले नाही, असे ते गृहस्थ. इतर पाच जण टाळ्या घेतात, हेरंबकर शांतता घेतात. बहुरूपीपणाच्या नाटकात असा माणूस ठेवण्याची जाण नटापेक्षा लेखकाची आहे.

लेखक प्रभावळकर हा स्वतंत्र विषय होईल, पण नटाचा विचार त्यांना वगळून करता येत नाही. क्रिकेटवरचे ‘गुगली’ हे विनोदी सदर, लहान मुलांसाठी आधी आकाशवाणीवर आणि मग पुस्तकांतून आलेला ‘बोक्या सातबंडे’, एका कुटुंबातल्या माणसांच्या रोजनिशीच्या रूपात लिहिलेली ‘अनुदिनी’ असे बरेच लेखन त्यांच्या नावावर आहे. बोक्यावर २००९ साली चित्रपटही निघाला. या लेखनाचा गाभा म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून बोलणे. ‘अनुदिनी’त आजोबांची नोंद आणि कॉलेजात जाणाऱ्या नातवाची नोंद शेजारी शेजारी ठेवली, तर लिहिणारा एकच आहे यावर विश्वास बसत नाही. भूमिका करताना तोंडातून जे येते, तेच इथे कागदावर येते.

‘अनुदिनी’वरूनच २००१ साली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका आली. वाहिनी अल्फा मराठी, म्हणजे आजची झी मराठी. दिग्दर्शक केदार शिंदे. घरात पाच माणसे: निवृत्त आबा, मुलगा शेखर (राजन भिसे), सून श्यामला (शुभांगी गोखले), नातू शिऱ्या (विकास कदम) आणि नात शलाका (रेश्मा नाईक). तोवर खासगी वाहिन्यांवर रोजच्या मालिकांचे युग सुरू झाले होते. कट, कारस्थाने, दागिन्यांनी मढलेल्या सासवा-सुना. टिपऱ्यांच्या घरात यातले काहीच घडत नव्हते. आठवड्यातून एकदा येणाऱ्या या मालिकेत घडायचे ते एवढेच: घरात नवी वस्तू यायची, कुणाचा तरी गैरसमज व्हायचा, शेखरचा पारा चढायचा, आबा मध्ये पडायचे किंवा मुद्दाम पडायचे नाहीत.

प्रभावळकरांच्या सर्व कामांत आबा हे सर्वांत अवघड काम होते, असे म्हणायला जागा आहे. नंदूला, तात्याला, हेरंबकरांना आडोसा होता. विकृती, मुखवटा किंवा वार्धक्य यांपैकी काहीतरी पुढे करता येत होते. आबांकडे काही नाही. घरात घालायचे साधे कपडे, चष्मा, वर्तमानपत्र. मालिकांतल्या आजोबांना उपदेश करायची सवय असते. आबा मात्र नातवाच्या उद्योगांत सामील होतात, नवे काही दिसले की कुतूहलाने शिकतात, आणि मुलगा तावातावाने बोलत असताना त्याच्याकडे पाहण्याची त्यांची जी एक तिरकी, काहीशी मिश्कील तऱ्हा आहे, त्यात वाक्याचे काम होते. जेवणाच्या टेबलावर पाचही जण एकाच वेळी बोलत असताना, आमटी वाढून घेता घेता आबा एखादा शब्द टाकतात आणि सगळा रोख बदलतो. पाहणाऱ्याला वाटते, हे तर काहीच करत नाहीत. वयाची साठी अजून गाठायची होती, तरी महाराष्ट्राने त्यांना आपल्या घरचे आजोबा करून टाकले.

हिंदी चित्रपटाने त्यांना उशिरा आणि तुटपुंज्या प्रमाणात वापरले. नसीरुद्दीन शाह यांच्यासोबतचा ‘एन्काउंटर: द किलिंग’ (२००२) हा त्यातला आधीचा ठळक चित्रपट. खरी ओळख झाली ती १ सप्टेंबर २००६ रोजी प्रदर्शित झालेल्या राजकुमार हिरानी यांच्या ‘लगे रहो मुन्नाभाई’ने. गांधीजींची भूमिका भल्याभल्यांनी केली आहे, पण त्या सगळ्यांना इतिहासातले गांधी साकारायचे होते. इथली अट निराळी होती. वाचनालयात दिवसरात्र बसून गांधी वाचणाऱ्या मुन्नाला बापू दिसू लागतात. इतर कुणालाच ते दिसत नाहीत. शेवटी उलगडते की मुन्नाला जे माहीत नाही, ते या बापूंनाही माहीत नाही. म्हणजे हे गांधी एका भाबड्या गुंडाच्या डोक्यात तयार झालेले आहेत. त्यांनी थोर दिसून चालणार नाही, पण हास्यास्पद झाले तरी चित्रपट कोसळेल. प्रभावळकरांनी त्यांना एक प्रसन्न, थोडेसे खोडकर म्हातारपण दिले. चालणे झपझप, बोलणे हळू, आणि समोरचा चुकला तर रागावण्याऐवजी वाट पाहणे. संजय दत्तच्या अवाढव्य देहाशेजारी ती लहानशी आकृती उभी राहते तेव्हा दृश्याचा ताबा तिच्याकडे असतो. या भूमिकेसाठी आणि गजेंद्र अहिरे यांच्या ‘शेवरी’ या मराठी चित्रपटासाठी मिळून त्यांना २००६ सालचा सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एकाच वर्षात एक देशभर गाजलेला चित्रपट आणि एक मोजक्यांनी पाहिलेला. परीक्षकांनी दोन्ही पाहिले, हे बरे झाले. पुढे ‘सरकार राज’मधले रावसाहेब (२००८) सोडले, तर हिंदीने त्या पुरस्काराला साजेसे काही त्यांच्यापुढे ठेवल्याचे दिसत नाही.

मराठीत मात्र याच काळात नवे दिग्दर्शक येत होते. त्याआधी, १९९६ साली, अरुण खोपकर यांनी गोगोलच्या कथेवरून केलेल्या ‘कथा दोन गणपतरावांची’मध्ये मोहन आगाशे आणि प्रभावळकर यांची क्षुल्लक कारणावरून बिनसलेल्या दोन मित्रांची जोडी जमली होती. उमेश कुलकर्णी यांच्या ‘देऊळ’मध्ये (२०११) ते अण्णा झाले. गावात दवाखाना व्हावा म्हणून धडपडणारे अण्णा, आणि दत्ताच्या देवळामागे धावत सुटलेले गाव. ‘देऊळ’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार विभागून मिळाला. त्यातले अण्णा भाषण ठोकत नाहीत. आपले कोणी ऐकत नाही हे कळलेल्या सुशिक्षित माणसाचा थकवा तेवढा दिसतो. तीनच वर्षांनी ‘पोश्टर बॉइज’मध्ये तेच प्रभावळकर नसबंदीच्या जाहिरातीवर फोटो छापून आल्याने गावभर नाचक्की झालेले जगन देशमुख होऊन धमाल उडवतात.

वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, १२ सप्टेंबर २०२५ रोजी, सुबोध खानोलकर दिग्दर्शित ‘दशावतार’ प्रदर्शित झाला आणि त्याच्या केंद्रस्थानी प्रभावळकर होते. बाबुली मेस्त्री हा कोकणातला म्हातारा दशावतारी कलावंत. नजर अधू होत चाललेली, मुलाला वाटते आता बापाने थांबावे. तळकोकणात आणि गोव्यात दशावतार गावच्या जत्रेत रात्रभर चालतो. लिखित संहिता नसते. कथानक ठरलेले, संवाद नटांनी तिथल्या तिथे रचायचे. रंग स्वतःचा स्वतः लावायचा, सामानाचा पेटारा वाहायचा. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा, असे तिकडे या कलावंतांबद्दल म्हणतात. दादर-मुंबईच्या प्रमाण मराठीत वावरलेल्या नटाला यासाठी मालवणी बोली, दशावतारी पल्लेदार गद्य आणि नाचातली पावले, असे तिहेरी ओझे उचलावे लागले. उत्तरार्धात कथा सूडाकडे वळते आणि काहीशी ताणली जाते, पण पूर्वार्धात आरशासमोर बसलेला बाबुली, मुलाशी होणारे त्याचे खटके आणि रंगमंचावर पाऊल टाकताच ताठ होणारे त्याचे शरीर यांत ती सैल जागा नाही. चित्रपटगृहांत गर्दी झाली, आणि ती एका चरित्र अभिनेत्याच्या नावावर झाली. मराठी चित्रपटाच्या व्यवहारात असे फार वेळा घडलेले नाही.